जुन्या खिळ्यांचे पाते : होर्युजी मंदिराच्या जीर्णोद्धाराची कथा

जीर्ण झालेल्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याच्याबरोबर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांसारख्या थोर विभूतींची आठवणही चालत आली आहे. परंतु शब्द नित्याचा झाला की त्याचा अर्थ हळूहळू झिजतो. मंदिराचे काम निघाले की पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच आवाराच्या कोपऱ्यात एक ढीग साचू लागतो. किडलेले वासे, फुटकी कौले, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि वाकलेले, गंजलेले खिळे. लाकूड चुलीत जाते, लोखंड भंगाराच्या काट्यावर जाते. मंदिर नवे होते. परंतु जे गेले त्याची नोंद बहुधा कोठेच राहत नाही.

या ढिगातील सर्वांत क्षुल्लक वस्तू म्हणजे जुना खिळा. अशाच खिळ्यांची एक कथा जपान देशात घडलेली आहे. तेथील एका अतिप्राचीन मंदिराच्या जुन्या खिळ्यांपासून लोहाराने एक पाते घडवले आणि त्या जातीच्या पात्यांनी पुढे दुसऱ्या मंदिराचे खांब तासले गेले. जीर्णोद्धाराचे काम हाती घेतलेल्या कोणत्याही गावाने ऐकावी अशी ही कथा आहे.

इकारुगाचे मंदिर

नारा ही जपानची जुनी राजधानी. त्या शहराच्या नैर्ऋत्येस इकारुगा नावाचे गाव आहे आणि तेथे होर्युजी हे बौद्ध मंदिर आहे. ‘जी’ याचा अर्थच मंदिर असा आहे. राजपुत्र शोतोकु यांनी इ. स. ६०७ च्या सुमारास त्याची स्थापना केली. इ. स. ६७० मध्ये ते आगीत जळाले, अशी नोंद जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. त्यानंतर सातव्या शतकाच्या अखेरीस आणि आठव्या शतकाच्या आरंभी जे मंदिर पुन्हा उभे राहिले ते आजतागायत उभे आहे. त्याचा मुख्य मंडप आणि सुमारे ३२ मीटर उंचीचा पाच मजली मनोरा या जगातील टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. मनोऱ्याच्या मधल्या खांबाच्या वाढीची वलये तज्ज्ञांनी मोजली, तेव्हा ते झाड इ. स. ५९४ मध्ये तोडलेले होते असे दिसून आले. हा निष्कर्ष २००१ साली जाहीर झाला. १९९३ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

महाराष्ट्रातील वाचकाला या मंदिराविषयी जवळीक वाटावी असे एक कारण आहे. बुद्धाचा धर्म भारतातून चीन व कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानमध्ये पोहोचला. त्याच्याबरोबर चित्रकलेची परंपराही प्रवास करीत गेली. होर्युजीच्या मुख्य मंडपातील भिंतीचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी करीत आले आहेत.

या मंदिराचा मोठा जीर्णोद्धार १९३४ साली सुरू झाला. पद्धत अशी की इमारतीचा प्रत्येक भाग सोडवायचा, त्यावर खूण करायची, किडलेला भाग तेवढाच कापून तेथे नवे लाकूड सांधायचे आणि तो भाग पुन्हा आपल्या मूळ जागी बसवायचा. मध्ये महायुद्ध आले आणि काम रखडले. २६ जानेवारी १९४९ रोजी तर मुख्य मंडपाच्या खालच्या मजल्याला आग लागली आणि ती अमोल चित्रे होरपळली. वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेला होता म्हणून तेवढा वाचला. या आघातानंतर जपानने १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा नवा कायदा केला. पुढे १९५२ मध्ये मनोऱ्याचे आणि १९५४ मध्ये मंडपाचे काम पुरे झाले.

शेती करणारे सुतार

या कामावर जे सुतार होते त्यांत निशिओका त्सुनेकाझू हे पुढे फार प्रसिद्धीस आले. त्यांचा जन्म १९०८ सालचा. होर्युजीच्या वेशीलगत राहून पिढ्यान्‌पिढ्या मंदिराची सेवा करणाऱ्या सुतारांचे हे घराणे. आजोबा आणि वडील दोघेही याच कामातले. या घराण्याचा दंडक असा की देवाचे काम करणाऱ्याने पैशासाठी लोकांची घरे बांधू नयेत. मंदिराचे काम नसेल तेव्हा शेती करावी आणि पोट भरावे. आपल्याकडील बलुतेदारीची आठवण व्हावी अशी ही रीत. ती पाळताना निशिओकांना हलाखीचे दिवस काढावे लागले, वडिलार्जित जमीनही विकावी लागली. परंतु दंडक त्यांनी मोडला नाही.

आजोबांनी नातवाला शिकायला पाठवले ते शेतकी शाळेत. सुताराने आधी माती ओळखावी, मातीवरून झाड ओळखावे आणि झाडावरून लाकूड, असा त्यामागील विचार होता. होर्युजी ज्या ‘हिनोकी’ वृक्षाच्या लाकडाचे आहे तो सायप्रसच्या कुळातला. तेराशे वर्षांचा वासा थोडासा तासला तरी आतून ताज्या हिनोकीचा सुगंध येतो, असे निशिओका सांगत. जुन्या सुतारांनी डोंगराच्या कोणत्या बाजूचे झाड इमारतीच्या कोणत्या बाजूस लावले, हे त्यांनी वासे उतरवताना एकेक करून वाचून काढले. जीर्णोद्धाराची ही वीस वर्षे म्हणजे त्यांची पाठशाळाच ठरली.

हरवलेले हत्यार

या पाठशाळेतच एक कोडे समोर आले. जुन्या खांबांच्या अंगावर कोठेही आजच्या रंध्याची खूण नव्हती. आज सुतार ज्या प्रकारचा लाकडी ठोकळ्याचा रंधा वापरतो तो जपानमध्ये रूढ झाला पंधराव्या-सोळाव्या शतकात. त्यापूर्वीचे खांब ज्याने साफ केले ते हत्यार वेगळेच होते. त्याचे नाव ‘यारिगान्ना’. ‘यारी’ म्हणजे भाला आणि ‘कान्ना’ म्हणजे रंधा. तेव्हा हा भाल्यासारखा रंधा. पाते कण्हेरीच्या पानासारखे लांबट, दोन्ही कडांना धार आणि टोक किंचित वर वळलेले. मागे लांब लाकडी दांडा. तो दोन्ही हातांनी धरून सुतार लाकडावरून पाते ओढीत नेतो आणि लाकडाची लांब, वळलेली साल निघत जाते. मागे राहतात त्या चमच्याने उकरल्यासारख्या उथळ खुणा. त्यांवर तिरपा उजेड पडला की खांब हलकेच लहरताना दिसतो.

हत्याराचे नाव माहीत होते. पण ते चालवणारा एकही सुतार हयात नव्हता. कित्येक पिढ्यांपूर्वीच ते हातातून सुटले होते. निशिओकांनी मग मिळेल तेथून पुरावा गोळा केला. होर्युजीच्या खांबांवरील खुणा होत्याच. नारा येथील शोसोइन या प्राचीन राजकोठारात जुन्या वस्तूंबरोबर या हत्याराचा लहानसा नमुना जपलेला होता. जुन्या थडग्यांच्या उत्खननातही अशी पाती सापडली होती. १३०९ सालच्या एका प्रसिद्ध चित्रगुंडाळीत कामावरील सुतारांच्या हाती हे हत्यार रंगवलेले आहे. त्यावरून ते धरण्याची तऱ्हा समजली.

आकार कळला, धरण्याची तऱ्हा कळली, तरी अडचण संपली नाही. बाजारातील नव्या पोलादाचे पाते त्यांच्या मनासारखे चालेना. या टप्प्यावर त्यांची दृष्टी होर्युजीच्या जुन्या खिळ्यांकडे वळली. ज्या हातांनी हे खांब तासले त्यांच्याच काळचे हे लोखंड होते. साकाई हे शहर सुऱ्या आणि धारेच्या हत्यारांसाठी शतकानुशतके नावाजलेले आहे. तेथील एका तलवारी घडवणाऱ्या लोहाराकडे हे खिळे गेले आणि त्यांतून यारिगान्नाचे पाते घडून आले.

खिळ्यात होते तरी काय?

जपानची जुनी मंदिरे एकही खिळा न मारता बांधलेली आहेत, अशी एक समजूत सर्वत्र पसरलेली आहे. ती बरोबर नाही. मुख्य सांगाडा सांध्यांवर आणि खोबणींवर उभा असतो हे खरे. परंतु छपराचे वासे, फळ्या आणि आडवे पट्टे यांना खिळे असतातच. होर्युजीचे खिळे चौकोनी, हाताने ठोकलेले आणि लांबलचक आहेत. वरून गंजलेले असले तरी आतील लोखंड शाबूत आहे. जुने खिळे तेराशे वर्षे टिकले, त्यानंतरच्या काळातले त्याहून कमी आणि आजचे तारेचे खिळे एक पिढीदेखील धड टिकत नाहीत, अशी निशिओकांची तक्रार असे.

याचे कारण समजण्यासाठी लोखंड कसे तयार होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. जुन्या काळी लोखंड लाकडी कोळशाच्या लहान भट्टीत गाळले जाई. दगडी कोळशात गंधक असते आणि ते लोखंडात उतरले तर लोखंड ठिसूळ होते. लाकडी कोळशात हा दोष जवळजवळ नसतो. जपानमध्ये नदीच्या वाळूतून मिळणारे काळे लोहकण मातीच्या भट्टीत गाळण्याची ‘तातारा’ नावाची पद्धत पुढे फार विकसित झाली. या वाळूत गंधक आणि फॉस्फरस दोन्ही कमी असतात. असे लोखंड भट्टीतून निघते ते स्पंजासारखे, मळ धरलेले. ते पुन्हा पुन्हा तापवून, दुमडून, ठोकून त्यातील मळ बाहेर काढावा लागतो. त्यामुळे लोखंडात पापुद्र्यांसारखे थर तयार होतात.

न गंजणाऱ्या जुन्या लोखंडाचे नाव निघाले की आपल्याकडे दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभाची आठवण होते. पाचव्या शतकाच्या सुमाराचा तो सात मीटरांहून उंच स्तंभ आजही उभा आहे. मात्र त्याचे कारण निराळे आहे. त्या लोखंडात फॉस्फरस अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो, असे आधुनिक संशोधनाने दाखवून दिले आहे. दोन देश, दोन प्रकारचे लोखंड आणि टिकण्याची दोन कारणे. ‘जुने ते सर्वच चांगले’ एवढे म्हणून भागत नाही. ते का चांगले हे शोधावे लागते.

खिळ्याचे पाते कसे होते?

खिळा वाकला तरी तुटू नये म्हणून त्याचे लोखंड मऊ असते. धारेला मात्र कठीण पोलाद लागते. मऊ लोखंड आणि कठीण पोलाद यांत फरक असतो तो कार्बनचा, म्हणजे लोखंडात मुरलेल्या कोळशाच्या अंशाचा. शंभर भागांत जेमतेम अर्धा ते एक भाग कार्बन, एवढ्यावर सारा खेळ चालतो. कमी पडला तर धार वळते, फार झाला तर पाते काचेसारखे फुटते.

म्हणून जुने लोखंड नुसते ठोकून सपाट केले म्हणजे सुरी होत नाही. जपानी तलवार-लोहारांची जुने लोखंड पुन्हा कामात घेण्याची परंपरागत रीत अशी आहे. खिळे, कुलपांचे तुकडे, मोडकी अवजारे यांवरील गंज झाडून ते लहान तुकडे लाकडी कोळशाच्या खोल भट्टीत थोडे थोडे सोडतात आणि भात्याने वारा देतात. निखाऱ्यांतून खाली उतरताना लोखंड कोळशातील कार्बन पिते आणि तळाशी एक ओबडधोबड गोळा जमतो. तो ठोकून त्याच्या पातळ चकत्या करतात, पाण्यात बुडवून टणक करतात आणि मग फोडून पाहतात. तुटलेल्या जागेची चकाकी आणि दाणा पाहून कोणता तुकडा धारेचा आणि कोणता पाठीचा हे लोहार ठरवतो.

निवडलेले तुकडे एकावर एक रचून त्यांवर चिकणमातीचे पाणी आणि भाताच्या पेंढ्याची राख घालतात, म्हणजे हवा लागून लोखंड जळत नाही. ते पांढुरके-पिवळे होईपर्यंत तापवून घणाखाली एकजीव करतात. मग लांबवायचे, मध्ये छिन्नीने खाच पाडायची, दुमडायचे आणि पुन्हा ठोकायचे. दर दुमडीला थर दुप्पट होतात. दहा दुमडींत एकाचे एक हजार चोवीस थर होतात. प्रत्येक वेळी काही लोखंड पापुद्रा होऊन झडते. हाती घेतलेल्या वजनापैकी बराच भाग असा जातो आणि जे उरते त्यात मळ फारसा राहत नाही. शेवटी पाते लालबुंद करून पाण्यात बुडवतात. आपला लोहार ‘पाणी देणे’ म्हणतो तेच हे. मग दगडावर धार.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. निशिओकांचे उत्तर लाकडाकडे बोट दाखवणारे होते. वेगाने फिरणाऱ्या यंत्राच्या रंध्याने लाकडाचे तंतू फाटतात आणि त्या पृष्ठभागात पाणी मुरते. चांगल्या धारेच्या यारिगान्नाने तंतू स्वच्छ कापले जातात, पाणी घरंगळून जाते. उघड्यावर ठेवलेल्या यंत्राने तासलेल्या खांबाला आठवड्यात बुरशी धरते, हाताने तासलेल्याला धरत नाही, असे ते सांगत. हजार वर्षे उभा राहायचा खांब असेल तर ही गोष्ट लहान नव्हे.

दहा लाख हातांची वर्गणी

या पात्याची खरी कसोटी लागली ती नारा येथील याकुशिजी या मंदिरात. इ. स. १५२८ मध्ये लढाईच्या धामधुमीत त्याचा मुख्य मंडप आणि पश्चिमेचा मनोरा जळाला होता. इ. स. ७३० चा पूर्वेचा मनोरा तेवढा मूळचा राहिला. चार शतकांहून अधिक काळ मोठा मंडप पुन्हा बांधण्याइतका पैसा उभा राहिला नाही.

१९६७ साली ताकादा कोइन हे तेथील प्रमुख आचार्य झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एक निराळा मार्ग काढला. मोठ्या धनिकांच्या दारी न जाता त्यांनी सामान्य माणसांना आवाहन केले. प्रत्येकाने प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, म्हणजे मूळचे भारतातून गेलेले ते छोटेसे सूत्र, आपल्या हाताने लिहून काढावे आणि सोबत एक हजार येन अर्पण करावेत. संकल्प होता दहा लाख प्रतींचा. गावोगावी व्याख्याने देत ते फिरले आणि सात-आठ वर्षांत तो संकल्प पुरा झाला. १९७६ साली मुख्य मंडप उभा राहिला आणि १९८१ साली पश्चिमेचा मनोरा. दोन्ही कामांचे प्रमुख सुतार होते निशिओका. हजारो वर्षे वयाचे हिनोकीचे वृक्ष जपानमध्ये उरले नव्हते म्हणून लाकूड तैवानहून आणले आणि त्यावर शेवटचा हात फिरवला यारिगान्नाने.

येथे एक प्रश्न पुन्हा लोखंडाचाच होता. होर्युजीचे जुने खिळे मूठभर. त्यांचे एखाद-दुसरे हत्यार होईल, परंतु मनोऱ्यासाठी हजारो खिळे कोठून आणायचे? हे काम मात्सुयामा येथील लोहार शिराताका युकिनोरी यांनी पत्करले. नव्या काळातील तंत्राची मदत घेण्यास कोणी संकोच केला नाही. एका पोलाद कंपनीने अतिशुद्ध लोखंड खास गाळून दिले. आकार मात्र जुन्या खिळ्यांवरून घेतला. जुना खिळा डोक्यापासून टोकापर्यंत सरळ निमुळता नसतो. त्याच्या जाडीत सूक्ष्म चढउतार असतो आणि त्यामुळे लाकडाचे तंतू पुन्हा मिटून त्याला घट्ट धरतात. कठीणपणाही बेताचाच हवा, म्हणजे वाटेत गाठ आली तर खिळा ती फोडत नाही, तिला वळसा घालून जातो. पश्चिमेच्या मनोऱ्यासाठी शिराताका यांनी असे सुमारे सात हजार खिळे एकेक करून हाताने ठोकले.

म्हणजे जुन्या लोखंडाचे काम दुहेरी झाले. काही खिळे स्वतः पाते झाले आणि काही खिळे गुरू झाले. भंगारात गेले असते तर दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या. लोखंड कितीही विकत मिळाले असते. पण ते कसे असावे हे सांगणारा दुसरा कोणी उरला नव्हता.

हत्याराबरोबर हातही घडावा लागतो. १९६९ साली ओगावा मित्सुओ नावाचा तरुण निशिओकांकडे शिष्य म्हणून राहिला. शाळेच्या सहलीत होर्युजीचा मनोरा पाहून त्याने हा ध्यास घेतला होता. गुरूने त्याला पहिले वर्ष वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी सर्व बाजूस ठेवून फक्त हत्यारांना धार लावण्यास सांगितले. ओगावा यांनी १९७७ मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली आणि तेथे अनेक तरुण तयार झाले. त्याच वर्षी जुन्या ‘तातारा’ भट्टीचेही शिमाने प्रांतात पुनरुज्जीवन झाले. निशिओका १९९५ साली निवर्तले. याकुशिजीच्या पूर्वेच्या मनोऱ्याचे काम २००९ पासून चालले आणि २०२० मध्ये पुरे झाले, तेव्हा ते काम करणारे हात तयार होते. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने जपानच्या या लाकडी बांधकामाच्या पारंपरिक कौशल्यांचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

आपल्या ढिगाकडे पाहताना

जुना धातू पुन्हा कामाला लावणे ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथून आलेल्या घंटा भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही पाहावयास मिळतात. गावच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाची मोडकी धाव वाया घालवली नाही, ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता केला आणि झिजलेल्या कुऱ्हाडीला नवे पोलाद भरून दिले. भाता, ऐरण आणि घण एवढ्या भांडवलावर त्याने जे ज्ञान सांभाळले तेच साकाईच्या लोहाराजवळही होते. दुःखाची गोष्ट एवढीच की बऱ्याच गावांत आता ऐरणीचा आवाज ऐकू येत नाही.

होर्युजीच्या कथेतून जीर्णोद्धार करणाऱ्यांनी घ्यावयाचा पहिला धडा घाई न करण्याचा आहे. उतरवलेले प्रत्येक लोखंड आधी मोजावे, कोणत्या जागेचे ते चिठ्ठी बांधून लिहावे, छायाचित्र घ्यावे. जे अजून काम देईल ते परत आपल्या जागी लावावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण असू शकते. तेव्हा लेख कोरलेली, नक्षीची किंवा वेगळ्या घडणीची वस्तू जाणकारास दाखविल्याशिवाय भट्टीत घालू नये, विकूही नये. प्रत्येक प्रकारचा निदान एक नमुना मंदिरातच राहावा. शोसोइनच्या कोठारात लहानसा यारिगान्ना राहिला म्हणून सुमारे बाराशे वर्षांनी तो पुन्हा घडवता आला.

एवढे झाल्यावर जे तुकडे उरतील त्यांचे पाते करण्यास हरकत नाही. जुने मऊ लोखंड एकटे धार धरणार नाही. मध्ये पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांना मंदिराचे जुने लोखंड, अशी घडण लोहाराकडून करून घ्यावी. म्हणजे धार पोलादाची राहते आणि पाठ त्या जुन्या कडीची वा खिळ्याची. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा रंग लावलेले लोखंड मात्र भट्टीत घालू नये, त्याचा धूर विषारी असतो. महाप्रसादाच्या दिवशी भाजी चिरण्याची विळी किंवा नारळ सोलण्याचा कोयता अशा लोखंडाचा असला, तर देवळाच्या दाराला दोनचार पिढ्या आधार दिलेली बिजागरी पुढच्या पिढ्यांच्या पंगतीला उपयोगी पडेल.

याकुशिजीचा मंडप कोणा एका राजाच्या दानावर उभा राहिला नाही. दहा लाख सूत्रे लिहिणारे हात, एकेक खिळा ठोकणारा लोहार, धार लावण्यात वर्ष घालवणारा शिष्य आणि जुना खिळा टाकून न देणारा म्हातारा सुतार, अशा सर्वांची ती वर्गणी आहे. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धारातही कोणी पैसा देतो, कोणी श्रम देतो, कोणी बैलगाडी देतो. ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत अशा जुन्या लोहारांनी आणि सुतारांनी आपली वर्गणी पूर्वीच देऊन ठेवली आहे. ती आवारातल्या ढिगात पडलेली असते. काटा बोलावण्यापूर्वी ती एकदा हाताने चाचपून पाहावी.